मानवलं नाही

संध्याकाळी सातची वेळ, औषधाच्या दुकानात गर्दी. पुढे एक गृहस्थ उभे होते. पन्नाशीचे, खिशाला पेन, खांद्याला डब्याची पिशवी. त्यांनी खोकल्याचं औषध मागितलं. दुकानदाराने विचारलं, "कोरडा की ओला?" ते म्हणाले, "ओला. नुसते बेडके पडताहेत. अकरा दिवस झाले सिगारेट सोडून. ओढत होतो तेव्हा एवढा खोकला कधी नव्हता." दुकानदाराने मागच्या फळीवरून एक बाटली काढली, बिल केलं. पैसे मोजता मोजता ते गृहस्थ, कुणाला उद्देशून असं नाही, पण म्हणाले, "मला काही सोडणं मानवलं नाही." दुकानाच्या दोन पायऱ्या उतरून ते शेजारच्या टपरीपाशी थांबले. टपरीच्या खांबाला सुतळीने लायटर बांधलेला होता. त्यांनी सुटी एक घेतली, मान वाकवून पेटवली, डोळे मिटून झुरका ओढला. आणि त्यांचा खोकला थांबला.

खरोखरच थांबला. मनाला टोचत राहिलं ते हेच.

मानवणं हा शब्द आपण फार विश्वासाने वापरतो. एखाद्याला गावचं पाणी मानवत नाही, एखाद्या लेकराला गाईचं दूध मानवत नाही, कुणाला घाटावरून कोकणात उतरलं की तिथली दमट हवा मानवत नाही. शरीर जे नाकारतं त्याच्या वाटेला जाऊ नये, एवढं साधं शहाणपण त्या शब्दात आहे आणि एरवी ते उपयोगीही पडतं. या एका ठिकाणी मात्र तो शब्द माणसाला फसवतो. अकरा दिवस त्या गृहस्थांचं शरीर साफसफाई करत होतं. त्यांना तो आजार वाटला, आणि ज्या क्षणी सफाई बंद पडली त्या क्षणी बरं वाटलं. त्यांचं काही चुकलं असंही म्हणवत नाही. सिगारेटच्या पाकिटावर ८५ टक्के जागा भीतीदायक चित्राला आणि इशाऱ्याला दिलेली असते. ओढत राहिलं तर काय होईल ते त्या चित्रात दिसतं. सोडल्यावर पहिल्या चार-सहा आठवड्यांत काय होतं, कोणतं दुखणं कशाचं, ते किती दिवस टिकतं, हे कुठेच दिसत नाही. घरचे म्हणतात, "सोडलीस ना, आता बघ कसं छान वाटेल." आणि मग छान वाटत नाही.

खोकल्यापासूनच सुरुवात करू, कारण माणसं सर्वांत आधी घाबरतात ती खोकल्याला. आपल्या श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तरावर केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात. शेतातलं पीक वाऱ्याने एका दिशेला लवतं, तसे ते सारखे वरच्या दिशेला लवत असतात आणि धूळ, जंतू, चिकटा असं सगळं घशाकडे ढकलत असतात. धुराने हे तंतू लुळे पडतात, आखूड होतात, काही ठिकाणी झडूनच जातात. त्याच वेळी चिकटा तयार करणाऱ्या पेशी वाढतात. म्हणजे माल जास्त आणि हमाल कमी. रात्रीच्या सहा-सात तासांत धूर नसतो तेवढ्यात तंतू थोडे हलू लागतात, म्हणून ओढणाऱ्याला सकाळी उठल्याउठल्या खोकला येतो. पहिली सिगारेट ओढली की तो बसतो. त्याला वाटतं, सिगारेटने छाती मोकळी झाली. छाती मोकळी झालेली नसते, तंतू पुन्हा लुळे पडलेले असतात. शिवाय धुराची सवय असलेल्या घशाची खोकल्याची जाणीवच बोथट झालेली असते. सोडल्यावर दोनेक आठवड्यांत ती जाणीव धारदार होते. मग जो कफ वर्षभर निमूट पडून होता तोच आता खवखवतो. विहिरीतला गाळ काढायला घेतला की पहिले काही दिवस पाणी गढूळच येतं, तसे पहिल्या आठवड्यांतले बेडके करडे, तपकिरी, कधी काळपट ठिपके असलेले पडतात. ते पडायलाच हवेत.

म्हणून त्या बाटलीचीही काळजी वाटते. खोकल्याची औषधं सरसकट एक नसतात. डेक्स्ट्रोमेथॉर्फन किंवा कोडीन असलेलं औषध खोकल्याची उबळच दाबतं. रात्री कोरड्या ढासेने डोळ्याला डोळा लागत नसेल तर ते ठीक. पण कफ बाहेर पडत असताना तेच औषध घेणं म्हणजे सांडपाण्याची मोरी बोळा घालून बंद करणं. अ‍ॅम्ब्रॉक्सॉल, ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिन ही कफ पातळ करणारी औषधं. पण आपल्याकडच्या कितीतरी बाटल्यांत त्यांच्या जोडीला टर्ब्युटालिन किंवा साल्ब्युटामॉल असतं. त्याने हात थरथरतात आणि छातीत धडधडतं. आधीच निकोटीन सुटल्यामुळे अस्वस्थ असलेला माणूस ती धडधडही सोडण्याच्याच खात्यावर मांडतो. लेबलवरची बारीक अक्षरं वाचावीत, नाहीतर दुकानदाराला स्पष्ट सांगावं की कफ पडू द्यायचा आहे.

कफ काढायची एक रीत आहे, ती फिजिओथेरपीवाले शिकवतात आणि ती घसा फाडून खोकण्यापेक्षा कितीतरी बरी. खुर्चीवर टेकून बसायचं. नाकाने मध्यम श्वास घ्यायचा, फार खोल नाही. दोन-तीन सेकंद धरायचा. मग तोंड उघडं ठेवून, चष्म्याची काच पुसण्याआधी तिच्यावर वाफ सोडतो तसा "हा" करत तो जोराने बाहेर सोडायचा. असं दोन-तीनदा. कफ वर सरकल्याची घरघर जाणवली की एकदाच नीट खोकायचं आणि थुंकायचं. मग मिनिटभर शांत श्वास, आणि पुन्हा. दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, दहा-दहा मिनिटं. त्याआधी गरम पाणी प्यावं. वाफाऱ्याने बरं वाटतं, पण त्यात बाम किंवा थेंब घालायची गरज नाही. आणि उकळतं पातेलं मांडीवर किंवा पलंगावर घेऊन बसू नये, भाजल्याचे प्रकार तसेच होतात. पातेलं खाली जमिनीवर किंवा पक्क्या टेबलावर ठेवावं. घरात उदबत्ती, धूप, डासांची कॉइल लावत असतील तर ते महिनाभर बंद ठेवलं तर फार फरक पडतो. तंतू नव्याने उभे राहत असताना त्यांना दुसरा धूर कशाला द्यायचा?

हा खोकला किती दिवस राहतो? बहुतेकांचा काही आठवड्यांत ओसरतो, जुन्या ओढणाऱ्यांचा काही महिने रेंगाळतो. पण दिशा उताराची हवी. आणि इथे एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. आपल्या देशात दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खोकल्याला थुंकीची तपासणी करून घ्यायची असते, कारण क्षय. धूम्रपानाने क्षयाचा धोका वाढतोच. त्यामुळे दोन आठवडे उलटूनही खोकला कमी होत नसेल, संध्याकाळी अंगात कणकण असेल, बेडक्यात रक्ताचा धागा दिसला, किंवा वजन उतरत असेल, तर "सोडल्यामुळे होतंय" म्हणून बसून राहू नये. यातली वजनाची खूण मला फार महत्त्वाची वाटते. सिगारेट सोडलेल्याचं वजन थोडं वाढायला हवं. ते घटत असेल तर कारण दुसरीकडे आहे.

निकोटीन स्वतः फार लवकर निघून जातं. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. दीड दिवसात नावापुरतंही उरत नाही. कोळशाच्या शेगडीतून येतो तोच वायू, कार्बन मोनॉक्साइड, एक-दोन दिवसांत रक्तातून जातो आणि त्याने अडवलेली प्राणवायूची जागा मोकळी होते. म्हणजे विष निघून जातं ते पहिल्या दोन-तीन दिवसांत, आणि त्रास टोकाला जातो तोही नेमका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. डोकं हलकं होतं, उठताना गरगरतं, हातापायांना मुंग्या आल्यासारखं वाटतं, कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखतं. मेंदूत निकोटीनसाठी वाढून बसलेली ग्रहणस्थानं रिकामी ओरडत असतात. ती पूर्ववत व्हायला महिना-दोन महिने, काहींना जास्तच लागतात. त्या दिवसांत अंथरुणातून उठताना आधी अर्धा मिनिट बसावं, न्हाणीघरात एकदम उभं राहू नये. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर पहिल्या पंधरा दिवसांत दोनदा दाब मोजून घ्यावा; तो खाली आलेला असू शकतो. आणि मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासावी, कारण धूर थांबला की शरीर इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देऊ लागतं आणि तोच डोस भारी पडू शकतो.

आता चहा. याबद्दल कुणी बोलतच नाही, म्हणून इथे जरा थांबते.

सिगारेट किंवा विडीच्या धुरातल्या डांबरासारख्या भागात अशी काही द्रव्यं असतात की त्यांच्यामुळे यकृतातलं एक पाचक द्रव्य जादा वेगाने काम करू लागतं. चहा-कॉफीतलं कॅफीन मोडायचं काम त्याचंच. म्हणून ओढणारा माणूस दिवसाला सहा-सात कटिंग सहज पचवतो आणि रात्री आडवा झाला की घोरतो. धूर थांबला की आठवड्याभरात तो जादा वेग उतरतो. चहा मात्र तेवढाच राहतो. उलट हाताला चाळा हवा म्हणून एखादा वाढतो. परिणाम असा की त्याच चहातून रक्तात पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट कॅफीन साठू लागतं. मग छातीत धडधड, तळहाताला घाम, उगाच संताप, रात्री दोनला टक्क जाग. ही लक्षणं आणि निकोटीन सुटल्याची लक्षणं सख्ख्या बहिणींसारखी दिसतात. माणूस म्हणतो, "सिगारेटशिवाय मी वेडा होईन." त्यातला अर्धा वेडेपणा पातेल्यातला असतो. उपाय साधा आहे. सोडायच्या दिवसापासूनच चहा निम्म्यावर आणायचा, आणि शेवटचा कप दुपारी तीनच्या आत. अगदी बंद करायचा नाही. कॅफीन एकाएकी तोडलं की त्याची वेगळी डोकेदुखी सुरू होते, आणि दोन डोकेदुख्या एकाच आठवड्यात कुणी सोसू नयेत. निम्मा कप घ्यावा, किंवा पत्ती कमी करून आलं-गवती चहा वाढवावा. निकोटीनची गोळी चघळणाऱ्यांनाही हे लागू आहे, कारण यकृताला पळवणारा धूर असतो, निकोटीन नव्हे.

याच कारणाने काही औषधांचंही गणित बदलतं. दम्यासाठी थिओफिलिन घेणारे, मानसिक आजारासाठी क्लोझापिन किंवा ओलान्झापिन घेणारे यांनी सिगारेट सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण धूर थांबला की त्याच डोसचं प्रमाण रक्तात वाढतं. घरच्या माणसांनी हे लक्षात ठेवावं. पेशंट स्वतःहून सांगेलच असं नाही.

पोटाची गोष्ट मात्र आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असते, पण मोठ्याने बोलायची नसते. "सकाळी विडी ओढल्याशिवाय साफ होत नाही," हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात ऐकू येईल, आणि ते खोटं नाही. निकोटीन आतड्यांना चालना देतं. ती थांबली की आतडी सुस्तावतात आणि काहींना चार-चार दिवस खडा होतो. पोट फुगतं, जेवण जात नाही, डोकं जड होतं. इथेच सगळ्यात वाईट वाट फुटते. "बाकी सोडलं, फक्त सकाळची एक," अशी तडजोड होते, आणि ती एक दुपारपर्यंत चार होतात. नाहीतर माणूस मिश्रीकडे वळतो. आपल्या कितीतरी घरांत, विशेषतः बायकांत, मिश्री दाताला लावली की पोट साफ होतं हा अनुभव पिढीजात आहे. आपल्या राज्यात तंबाखू ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे आणि लावणारे कितीतरी जास्त आहेत, त्यामुळे सिगारेट सोडलेल्याला हात पुढे करणारी चंची घरातच असते. धूर गेला आणि तंबाखू गालात आली, यात सुटका काहीच नाही. आतड्यांना दुसरी चालना देता येते. उठल्यावर दोन भांडी कोमट पाणी. मग वीस मिनिटं चालणं. काहीतरी खाऊन, रोज एकाच वेळी, कुंथायचं नाही असं ठरवून दहा मिनिटं बसणं. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपसूक हलतं, त्या वेळेचा फायदा घ्यायचा. कमोडवर बसत असाल तर पायाखाली वीतभर उंचीचं स्टूल. रात्री एक मोठा चमचा इसबगोल भांडंभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं आणि वर आणखी एक भांडं पाणी. हे दुसरं भांडं माणसं विसरतात, आणि मग इसबगोल आतल्या आत घट्ट होऊन बसतं आणि त्रास वाढतो. पेरू, पपई, भाकरी, पालेभाजी हे आहेच. दोन-तीन आठवड्यांत आतड्यांना स्वतःची लय सापडते.

तोंडही येतं. जिभेच्या कडेला, ओठाच्या आत, गालाला पांढरे-पिवळसर फोड, भोवती लाल कडा. मिरचीचं वरण समोर आलं की डोळ्यांत पाणी. पहिल्या दोन आठवड्यांत पुष्कळ जणांना हे होतं. धुराच्या उष्णतेने आतली त्वचा निबर झालेली असते, ती पुन्हा कोवळी होताना असे फोड येतात असं मानलं जातं. भांडंभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच गुळण्या, तिखट-आंबट बाजूला, मऊ ब्रश. आठ-दहा दिवसांत भरून येतात. दोन आठवड्यांत न भरलेला फोड, न दुखणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यापैकी काहीही असेल तर दाताच्या डॉक्टरकडे जायचं, त्यात एका दिवसाचीही चालढकल नको. आणि तोंडाला चाळा म्हणून सुपारी अजिबात नको. बडीशेप, धनाडाळ, लवंग, वेलची, ज्येष्ठमधाची काडी, काहीही चालेल. सुपारी तंबाखूशिवायची असली तरी ती स्वतः कर्करोगाला कारण होते आणि गालाची त्वचा आवळून टाकते. लग्नाच्या ताटातली गोड सुपारी "ही काही तंबाखू नाही" म्हणून पुढे केली जाते तेव्हा वाईट वाटतं, कारण देणाऱ्याच्या मनात मायाच असते.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून वास यायला लागतात. सोडणाऱ्यांच्या बोलण्यात हा भाग आला की आवाज बदलतो. आमटीच्या फोडणीतला हिंग वेगळा कळतो. पहिल्या पावसाच्या आधीची हवा खिडकीतून कळते. आणि कपाटातल्या आपल्याच शर्टांना येणारा शिळ्या धुराचा वासही कळतो, लोकलमधल्या घामाचा, नाल्याचा, शेजारच्याच्या तोंडाचा. जिभेला चव येते आणि भुकेला धार. निकोटीन भूक दाबत होतं आणि शरीराची चूल थोडी जास्त पेटती ठेवत होतं. आता दोन्ही थांबलं. वर्षभरात सरासरी चार ते पाच किलो वजन वाढतं, त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. सरासरीच्या दोन्ही बाजूंना माणसं असतात. काहींचं दहा किलोंच्या वर जातं, काहींचं उतरतंही. वजनाच्या भीतीने पुन्हा ओढायला लागणाऱ्यांना, आणि त्यात बायका जास्त असतात, एवढंच सांगावंसं वाटतं की सोडणं आणि डाएट एकाच सोमवारी सुरू करू नका. उपाशी पोटाला तलफ जास्त झोंबते. पहिला महिना फक्त एवढं बघायचं की तलफ आली की हात बिस्किटाच्या डब्याकडे न जाता फुटाणे, काकडी, गाजर, ताक यांच्याकडे जाईल. तलफ आणि भूक यांतला फरक ओळखता येतो. तलफ चार-पाच मिनिटांत चढते आणि आपोआप उतरते. भूक उतरत नाही.

त्या चार-पाच मिनिटांबद्दल आणखी थोडं. विरार किंवा कर्जतहून निघालेला माणूस गाडीत तासाहून जास्त वेळ सिगारेटशिवाय उभा असतो आणि त्याला काही होत नाही. फलाटावर उतरून जिना चढून बाहेर आला की तत्क्षणी छातीत ओढ लागते. रक्तातलं निकोटीन त्या जिन्यावर काही अचानक संपलेलं नसतं. शरीराने त्या जागेशी, त्या वेळेशी गाठ बांधलेली असते. पहिल्या महिन्यात जिना बदलता आला तर बदलावा, दुसऱ्या बाजूने बाहेर पडावं. आणि बाहेर जाऊन पाच मिनिटं उभं राहणं मात्र सोडू नये. कारखान्यात, ऑफिसात, बांधकामावर विडीकाडीची सुट्टी हीच कितीकांची हक्काची सुट्टी असते. ओढणारा त्या पाच मिनिटांत दहा-बारा लांब श्वास घेत असतो, सावकाश सोडत असतो. सोडल्यावर तो सुट्टीही सोडतो, श्वासही सोडतो, आणि सलग आठ तास मान खाली घालून बसतो. दुपारी चारला डोकं फुटायला लागतं यात नवल काय. जागा टपरीपासून लांबची शोधावी, पण बाहेर जावं, आणि ते दहा-बारा श्वास घ्यावेत.

निकोटीनच्या गोळीबद्दलची तक्रार नेहमी एकच असते: "घेतली, उचक्या लागल्या, घशाशी आलं, फेकून दिली." ती गोळी च्युइंगमसारखी दिसते म्हणून माणसं तशीच चघळतात. निकोटीन लाळेत उतरतं, लाळ पोटात जाते, जठरात जळजळ होते, आणि पोटातून गेलेलं बरंचसं निकोटीन यकृतातच मोडून जातं. तलफ जागच्या जागी. ती शोषली जायला हवी गालातून. सावकाश दहा-पंधरा वेळा चावायची. मिरी दाताखाली आल्यासारखी चुणचुण झाली की थांबायचं आणि गाल व हिरडी यांच्या मधे ठेवून द्यायची. मिनिटभराने चुणचुण ओसरली की पुन्हा दोन-चारदा चावून दुसऱ्या गालात. असा अर्धा तास. गोळीच्या आधी पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत, सोडा नाही, कारण तोंड आंबट असलं की निकोटीन गालातून आत जात नाही. तंबाखूला चुना का लावतात याचं उत्तर याच्याच उलट बाजूला आहे. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली पेटवणाऱ्याला ४ मिलीग्रॅमची लागते, बाकीच्यांना २ ची पुरते. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला नऊ तरी. पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी. शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी. दिवसाला चोवीसच्या वर नाही. बहुतेक जण दिवसाला दोन घेतात आणि उपयोग नाही म्हणतात. दोनमध्ये उपयोग होणारच नाही. निकोटीनची पट्टी लावणाऱ्यांनी ती रोज नव्या जागी, कोरड्या आणि केस नसलेल्या त्वचेवर लावावी. रात्री झोप उडत असेल किंवा भलतीच ठसठशीत स्वप्नं पडत असतील तर झोपताना काढून ठेवावी. हृदयाचा झटका नुकताच येऊन गेलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी यातलं काहीही आधी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

स्वप्नं पट्टीशिवायही पडतात. आपण ओढतोय, मजेत ओढतोय, आणि मग जाग येते ती अपराधी वाटून. तोंडात चवसुद्धा असते. महिन्या-दोन महिन्यांनीही पडतात. स्वप्न पडलं म्हणजे मन डळमळलं, असं काही नाही.

एका गोष्टीची मात्र वाट पाहायची नाही. छातीच्या मधोमध दाब, तो डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणारा, दरदरून घाम, श्वास अडकणं. खोकून खोकून बरगड्या दुखतात ते बोट ठेवून दाखवता येतं, दाबलं की दुखतं, कूस बदलली की बदलतं. हे दाबासारखं दुखणं तसं नसतं. त्या वेळी हे सोडल्यामुळे होतंय का, याचा विचार घरी बसून करायचा नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं.

पाकिटावर त्या चित्राखाली एक नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठीची ही राष्ट्रीय दूरध्वनी सेवा २०१६ पासून आहे, फोनला पैसे पडत नाहीत. ओढणाऱ्याच्या खिशात तो नंबर दिवसभर असतो. सोडणारा पाकीट फेकतो, आणि ज्या दिवसांत तो लागणार असतो त्याच दिवसांत नंबर कचऱ्यात जातो. पाकीट फेकण्याआधी तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

त्या संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर मी मिनिटभर तरी उभी होते. त्या मिनिटात सांगण्यासारखं दोनच वाक्यांचं होतं: काका, हा कफ पडू द्या, अजून थोडे दिवस, आणि आज चहा किती झाले? अकरावा दिवस होता. सर्वांत वाईट दिवस, दुसरा आणि तिसरा, त्यांनी कुणाच्या मदतीशिवाय काढले होते. गरगरणं, डोकेदुखी, सगळं मागे पडलं असणार. राहिला होता तो फक्त हा खोकला. त्यांनी अर्धी ओढून झाल्यावर सिगारेटकडे एकदा पाहिलं, ती टपरीच्या कडेवर विझवली, आणि ते अर्धं थोटूक फेकलं नाही. खिशात, पेनाशेजारी ठेवलं. दुसऱ्या हातात औषधाची बाटली होती. लायटर सुतळीला अजून हलत होता.